शुद्ध मराठीतला जबाब

ती घटना आठवली की आजही मी हातातल्या पेनाला टोपण लावतो आणि ते खिशात ठेवून देतो. बायकोला याचं कारण ठाऊक आहे, त्यामुळे ती काही विचारत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो.

पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअरचं वारं नुकतंच जोरात सुटलं होतं. बंगल्यांच्या वरच्या मजल्यांवर कंपन्या निघत होत्या. आमच्या ठाण्यातही संगणक आला होता. त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं, आणि ते काढायची परवानगी कोणाला आहे हे ठरत नव्हतं. मी सहायक निरीक्षक होतो. संगणकाच्या एका सरकारी प्रशिक्षणाला जाऊन मी प्रमाणपत्र आणलं होतं. तिथे मला माऊस धरता येऊ लागला, एवढीच प्रगती. पण प्रमाणपत्रामुळे मी ठाण्याचा तज्ज्ञ ठरलो. नव्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा होता. म्हणजे कागदावर तपास साहेबांचा आणि पायपीट माझी.

तक्रार कर्वेनगरातल्या एका छोट्या कंपनीची होती. शहरातल्या बऱ्याच रुग्णालयांच्या रक्तपेढ्या त्यांनी एका वेबसाइटला जोडल्या होत्या. कोणत्या गटाचं रक्त कुठल्या पेढीत आहे, हे डॉक्टरला जागेवर दिसायचं. त्याआधी नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन रिक्षाने या पेढीतून त्या पेढीत फिरायचे. डॉक्टरांना या सोयीची इतकी सवय झाली होती की फोन करून विचारायची पद्धतच मोडली होती.

त्या सोमवारी ही सेवा सकाळपासून दुपारपर्यंत बंद होती. नेमकी त्याच वेळी एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त लागलं. बाई वाचली, पण थोडक्यात. तिचा नवरा रुग्णालयावर चिडला आणि रुग्णालय कंपनीवर. कंपनीचा मालक त्याच संध्याकाळी आमच्याकडे आला.

मालक स्वतः इंजिनिअर, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं तोलूनमापून. ते सारं यंत्र सांभाळणारा एक इंजिनिअर होता, वर्ध्याकडचा. त्याने आठवड्यापूर्वी राजीनामा दिला होता. तो एका मोठ्या कंपनीत जाणार होता.

"साहेब, हा सरळ सूड आहे," मालक म्हणाले. "आमच्या मशीनवर कोणी काय केलं ते आपोआप लिहिलं जातं. आज सकाळी सेवा बंद करण्याचा हुकूम त्याच्याच नावाने गेलाय. दुपारी मी स्वतः बसून चालू केली, तेव्हा कुठे रुग्णालयांना दिसायला लागलं. मशीन खोटं बोलत नाही."

"माणसं बोलतात," मी म्हणालो. वाक्य मला फारच आवडलं. ते मी नंतर दोन-तीन ठिकाणी वापरलंही.

"त्याच्याशी तुमचं काही बोलणं झालं आज सकाळी?"

"माझं आणि त्याचं बोलणं झालेलं नाही," मालक म्हणाले. मी ते लिहून घेतलं.

ते गेल्यावर तासाभराने ठाण्यात निनावी फोन आला. पलीकडे तरुण आवाज होता. "सर, मी त्याच कंपनीत आहे, नाव नाही सांगणार. त्याला मी फोनवर बोलताना ऐकलंय. म्हणत होता, 'मी रोज सकाळी बंद करून राहिलो, कोणाले समजूनच नाही राहिलं.' असं एक्झॅक्टली म्हणाला सर."

मशीनची नोंद, राजीनामा आणि ही खबर. एसीपी साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "उद्या बोलवा त्याला. पत्रकार विचारायला लागलेत. संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करून अटक दाखवू आणि परवा कोर्टापुढे उभं करू."

दुसऱ्या दिवशी तो आला. शिडशिडीत, चष्मा, खांद्याला कंपनीची बॅग. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मामाकडे राहायचा. बसताना त्याने खुर्ची आवाज न करता सरकवली. मी मनात नोंद केली: सराईत दिसतो. माझ्या निरीक्षणशक्तीचा दर्जा यावरून कळावा.

जबाब लिहायला आमचे जुने हवालदार होते. समोरचा बोलेल ते तसंच्या तसं लिहायची त्यांना सवय. मला ते खपायचं नाही. माझा जन्म नारायण पेठेतला, शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस मिळवलेलं. नोकरी पुणे, सातारा, सोलापूर अशी झालेली. सरकारी कागदावर बोलीभाषा दिसली की मला ती गणवेशावर चटणी सांडल्यासारखी वाटायची.

"काल सकाळी तू काय केलंस?" मी विचारलं.

"साहेब, मी सर्व्हर बंद करून राहिलो होतो."

"बंद केलास."

"हो साहेब. रोजच करतो. मंग चालू करून राहिलो होतो, तर थो होऊनच नाही राहिला."

हवालदारांनी लिहिलं: 'मी बंद करून राहिलो होतो.' मी कागद ओढला, ते खोडलं आणि वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मी बंद केला होता.' विदर्भातली माणसं 'करून राहिलो' म्हणतात हे मी ऐकून होतो. 'केलं' म्हणायची त्यांची ही एक लांबट तऱ्हा आहे, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

"पुढे. चालू करून राहिला होतास?"

"हो."

मी लिहिलं: 'त्यानंतर मी तो चालू केला होता.'

"मग झाला का चालू?"

"नाही न साहेब."

"केलास, आणि झाला नाही."

"हो न."

मी पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिलो. असं बघितलं की माणूस घामाघूम होतो, असा माझा अनुभव. त्याला घाम आला होताच. तो पंखा बंद असल्यामुळे आला होता, हे नंतर लक्षात आलं.

"मालकाला कळवलंस?"

"फोन करून राहिलो होतो साहेब, सारा वेळ."

मी लिहिलं: 'मालकांस फोन केला व कळविले.' 'कळविले' हा शब्द माझा. वाक्याला तोल यावा म्हणून.

"मालक म्हणतात, बोलणंच झालं नाही."

"नाहीच झालं साहेब."

आता माझ्यापुढे एक माणूस बसला होता, ज्याने चालू केलं पण चालू झालं नाही, आणि फोन करून कळवलं पण बोलणं झालं नाही. एका बैठकीत दोन थापा पकडल्या म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

"साहेब, थो पासवर्डचा..." तो सांगू लागला.

"तांत्रिक बाबी नंतर," मी म्हणालो. आधी माणूस मोडायचा, तपशील मग. हेही कुठेतरी शिकलो होतो. जबाब वाचून दाखवला आणि शेवटी नेहमीचं वाक्य आलं: 'माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

तो अडखळला. "साहेब, मी असं नाही म्हटलं."

"शुद्ध मराठीत असंच म्हणतात," मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्याने हवालदारांना विचारलं, मला नाही: "काका, अटक झाली न, मंग पुढे सुटलो तरी ते नवीन कंपनीवाले घेतील काय मले?"

हवालदारांनी कागदांच्या कडा जुळवल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा कॉम्प्युटरचा क्लास करत होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मालक होते आणि या वेळी आवाज तोललेला नव्हता. "साहेब, पुन्हा बंद पडलं! आत्ता, भर दुपारी. माझ्याकडून काही केल्या होत नाहीये. एका रुग्णालयात पेशंट ऑपरेशन टेबलावर आहे, ते फोनवर फोन करतायत. त्यानेच काहीतरी लावून ठेवलंय."

संशयित माझ्यासमोर बसलेला आणि तिकडे कर्वेनगरात सेवा कोसळलेली. सिनेमात टाइमबॉम्ब बघितलेले होते.

"काय लावून ठेवलंयस?" मी ओरडलो.

"काही नाही साहेब. आज सकाळी त्याले कोणी बंद नाही केलं न. म्हणून बंद पडला."

हवालदारांचं पेन थांबलं. "हे लिहू का साहेब?"

"लिहा. कोर्टालाही करमणूक हवी."

"साहेब, खरं सांगतो." तो उभा राहिला होता. "मले तिथे नेऊन बसवा. मी चालू करून देतो. फक्त मालकाकडून पासवर्ड घेऊन द्या."

"आता पासवर्डही हवा?" ज्याने सेवा पाडली असा माझा ठाम समज, त्यालाच मी त्या यंत्रापुढे बसवायचं? त्याने सगळंच पुसून टाकलं तर माझी पेन्शन आणि शहरातलं रक्त, दोन्ही गेलं. मी त्याला बसवून ठेवलं, दोन पंच घेतले आणि जीप खडकीला काढली. त्याच्या खोलीत कॉम्प्युटर असणार, त्यात पुरावा असणार. साहेबांनी दिलेली संध्याकाळ जवळ येत होती.

क्वार्टरचं दार मामीने उघडलं. पोलीस बघून ती बावरली, पण बाजूला झाली नाही.

"तुमचे यजमान आहेत का?"

"हायेत न. जेवून राहिले."

"बरं, जेवण झालं आहे तर बाहेर बोलवा त्यांना."

"अहो, जेवून राहिले म्हटलं न."

"तेच म्हणतो. झालंय ना? मग बोलवा."

"झालं कुठं?" तिचा आवाज चढला. पोलीस दारात असताना बाई अशी चिडते तेव्हा तिचं खरं असतं, हे माझं एकमेव निरीक्षण त्या दिवशी बरोबर निघालं. "ताटावर बसून हायेत ते. जेवले असते तर जेवले म्हटलं नसतं काय मी?"

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मामा जमिनीवर पाटावर बसलेले, हात वरणभातात, घास तोंडापाशी थांबलेला. जेवण चालू होतं. पूर्ण व्हायला अजून अर्धं ताट बाकी होतं.

माझ्या हातात झडतीचा कागद होता आणि पाय उंबऱ्यावर खिळले होते. पंच माझ्याकडे बघत होते.

"मामा," मी आत जाऊन म्हणालो. "एक विचारतो. एखादा माणूस म्हणाला, 'मी गाडी चालू करून राहिलो होतो', तर त्याचा अर्थ काय?"

मामांनी घास खाली ठेवला. हा पोलिसी डाव असावा असं त्यांना वाटलं असणार, म्हणून जपून बोलले. "म्हणजे थो किक मारून राहिला होता."

"गाडी चालू झाली का?"

"ते कुठं सांगितलं त्यानं? झाली असती तर 'केली' म्हटलं असतं न साहेब."

"आणि 'फोन करून राहिलो होतो'?"

"म्हणजे लावून राहिला होता. उचलला का नाही, ते समोरच्याले विचारा."

मी झडती घेतली नाही. मामीने पाणी दिलं, ते उभ्याने प्यालो आणि निघालो. ड्रायव्हरला म्हटलं, ठाण्यात जाऊन त्या मुलाला घ्यायचं आणि तसंच कर्वेनगर. जीपमध्ये मी मघाचा जबाब पाठ असल्यासारखा मनात उलटा वाचत होतो. चालू करत होता, होत नव्हता. फोन लावत होता, लागत नव्हता. त्यात खोटं एकही नव्हतं. माझ्या खोडण्यांनी ते तयार झालं होतं.

ठाण्यातून त्याला घेताना हवालदार कानाशी लागले. "साहेब, संशयिताला मशीनजवळ नेताय. काही झालं तर?"

"झालं तर माझ्या नावावर लिहा. तुमच्या भाषेत लिहा."

जीपमध्ये मी त्याला पहिल्यांदा नीट विचारलं आणि तो बोलताना मध्ये बोललो नाही. प्रोग्रॅममध्ये एक दोष होता. चालता चालता तो मशीनची जागा खात जायचा आणि दुपारी, ऑपरेशनांच्या ऐन वेळी, गुदमरून पडायचा. असा पडला की आधी मागे राहिलेला कचरा पुसावा लागायचा, ते मालकांना जमत नव्हतं; नीट बंद केलेला मात्र ते चालू करू शकत. दुरुस्तीला वेळ मागितला तर मालक देत नव्हते. म्हणून हा रोज सकाळी, गर्दी नसताना, तो बंद करून लगेच चालू करायचा. कुणाला कळायचंही नाही. सोमवारी त्याने बंद केला. पुन्हा चालू करताना प्रोग्रॅमला रक्ताच्या साठ्याच्या माहितीत शिरावं लागतं, त्याला पासवर्ड लागतो. तो घेतलाच जात नव्हता.

"आदल्या दिवसापर्यंत चालत होता?"

"रविवारी सकाळपर्यंत. मंग कोणीतरी बदलला."

"पण बदलल्यावर सेवा लगेच का नाही पडली?"

"जो आत शिरला असते त्याले कोणी पुन्हा विचारत नाही साहेब. बाहेर काढलं की मंग विचारते."

हे मला कळलं. आमच्या ठाण्याच्या फाटकावर हीच पद्धत होती.

कर्वेनगरात मशीनच्या खोलीला एसी होता, बाकी माणसांना पंखा. मालक त्या खोलीत घामाने भिजले होते. रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाला धरून उभी, पलीकडे रुग्णालय.

"पासवर्ड तुम्ही बदललात?" मी विचारलं.

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माणूस राजीनामा देतो तेव्हा बदलतातच. सुरक्षेचा भाग आहे. रविवारी संध्याकाळी बदलला."

"त्याला सांगितलंत?"

"त्याला कळू नये म्हणून तर बदलला."

"सोमवारी त्याचे फोन येत होते?"

"येत होते. वकिलांनी सांगितलं होतं, राजीनामा दिलेल्याशी तोंडी बोलू नका. उचलले नाहीत."

"आणि रोज सकाळी बंद-चालू करावं लागतं, ते?"

"आमची सेवा अखंड चालते असं करारात लिहिलंय," मालक म्हणाले.

"सर," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ते विचारतायत अजून किती वेळ. पेशंटला लावलेली बाटली संपत आलीय म्हणतात."

मी त्याला खुर्चीकडे हात केला. तो बसला. मालकांनी वाकून पासवर्ड टाइप केला, त्याला दिसू नये म्हणून दुसऱ्या हाताने झाकून. मी मागे उभा राहून त्याच्या बोटांवर नजर ठेवली, जणू ती चुकीच्या अक्षरावर गेली तर मला कळणारच होतं. पडद्यावर ओळी सरकत होत्या. एक ओळ लाल झाली. त्याने काहीतरी पुसलं. माझा हात आपोआप त्याच्या खांद्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

"काय चाललंय?" मालक कुजबुजले.

"चालू करून राहिलो," तो म्हणाला.

खोलीत कोणी हललं नाही. मीही नाही. त्या शब्दांचा अर्थ आता मला ठाऊक होता आणि म्हणूनच मी पुढच्या शब्दाची वाट बघत होतो.

ओळी थांबल्या.

"केला," तो म्हणाला.

मुलगी फोनमध्ये म्हणाली, "मॅडम, आता बघा." मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. "दिसतंय म्हणतात. बुधवार पेठेतल्या पेढीत आहे. माणूस निघाला."

तो खुर्चीतून उठला नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला. मालकांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. माझ्याही पुढे ठेवला असता, पण मी दाराकडे निघालो होतो.

संध्याकाळी एसीपी साहेबांपुढे दोन जबाब ठेवले. पहिला माझ्या दुरुस्त्यांचा. दुसरा हवालदारांनी नव्याने घेतलेला, शब्दाला शब्द, 'मले' आणि 'थो'सकट. साहेबांनी दुसरा उचलला आणि भुवया वर गेल्या.

"हे काय मराठी आहे?"

"त्याचं आहे साहेब."

"आणि या पहिल्यावरची ही खाडाखोड?"

"ती माझी."

मग सगळा प्रकार सांगितला, खडकीच्या ताटासकट. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले. शेवटी म्हणाले, "गुन्ह्याचं स्वरूप दिसून येत नाही असा अहवाल द्या. मुलाला घरी पाठवा. आणि अहवाल हवालदारांना लिहायला सांगा. तुम्ही फक्त सही करा."

ठाण्याच्या पायरीपाशी मामा स्कूटर घेऊन आले होते. मी त्या मुलाला सांगितलं, कुठल्याही कंपनीने चौकशी केली तर माझ्याकडे पाठव, मी स्वतः बोलेन. त्याने मान हलवली. मग विचारलं, "साहेब, थो पहिला जबाब फाडून टाकसान न?"

"सरकारी कागद फाडता येत नाही," मी म्हणालो. "दप्तरात राहील. पण दुसरा त्याच्यावर टाचून ठेवलाय."

तो मामाच्या मागे बसला. मामांनी किक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. मी तिथेच उभा राहिलो. काय चाललंय ते मी विचारलं नाही.

निवृत्तीपर्यंत नंतर मी पुष्कळ जबाब घेतले. कोल्हापूरकडचे, नगरकडचे, बिहारमधून बांधकामावर आलेले. नव्या फौजदारांना एवढंच सांगायचो की समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर एकदा विचारा, आणि कळलं असं वाटलं तर दोनदा विचारा. ते हसायचे. पोलिसांत आम्ही असं धरूनच चालतो की टेबलापलीकडे कोणीतरी खोटं बोलतंय आणि आपलं काम ते हुडकायचं. त्या प्रकरणात मशीनची नोंद खरी होती, मालक बोलले ते शब्द खरे होते, निनावी खबर अक्षरन् अक्षर खरी होती आणि तो मुलगा तर पहिल्या वाक्यापासून खरंच सांगत होता. खोटं फक्त माझ्या अक्षरात होतं, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.